गयाबाईचा सखाराम

गया गेल्याचा निरोप आला तेव्हा मी देवळालीच्या घरात कॉम्प्युटरवर फडकं टाकत होतो. आदल्या संध्याकाळी नगरच्या दवाखान्यात तिनंच सांगितलं होतं, "अवो, घरी जाताय तर मशीनवर फडकं टाका. धूळ बसती." चाळीस वर्षांच्या संसारातलं तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं हे. फोन शेजारच्या घरी होता. तिथली सून दारात येऊन उभी राहिली आणि नुसती बघत राहिली, तेव्हाच मी समजलो. फडकं तसंच मशीनवर टाकलं आणि निघालो.

त्याला सहा आठवडे झाले. मी चौथी शिकलेला माणूस. साखर कारखान्यात फिटर होतो. रोलरचा आवाज ऐकून बिघाड कुठं आहे ते सांगायचो, पण लिहिणं हे माझं काम नाही. तरी लिहितोय, कारण जलदानविधीच्या दिवशी माझ्या मेव्हण्यानं, म्हणजे गयाच्या सख्ख्या भावानं, चार माणसांत बोलून दाखवलं, "ताईनं म्हातारपन पोरखेळात घालवलं." मी त्याला म्हणालो, "तुझं जेवन झालं आसंल तर हात धू." पण तेवढ्यानं माझं पोट भरलं नाही. तो पोरखेळ काय होता ते आता सगळ्यांनीच ऐकावं.

आमचा मिलिंद कोपरगावात कॉम्प्युटरचे क्लास चालवतो. चार वर्षांमागं त्याच्याकडं नवीन मशीनं आली, तेव्हा एक जुनं त्यानं आईला पत्ते खेळायला म्हणून आणून दिलं. पत्ते तिनं दोन दिवसांत सोडले. त्यात कुणा विद्यार्थ्यानं टाकलेला एक जुना गेम होता. चार गडी एका गावातून निघतात. वाटेत रान, गुहा, भुतं, चेटूक करणारे. गावागावांत माणसं भेटतात, बोलतात, आणि शेवटी एक काळा किल्ला, त्यात राक्षस. चौघांना नावं आपण द्यायची, जेवू आपण घालायचं, औषधपाणी आपणच बघायचं. आणि सगळं लिहिलेलं इंग्रजीत. गया मराठी सातवी. तिनं मिलिंदची शाळेतली जुनी डिक्शनरी ट्रंकेतून काढली, चष्मा लावला आणि एकेक शब्द शोधत बसली. लाईटचा भरोसा नव्हता, म्हणून दहा पावलं टाकली की खेळ जपून ठेवायची. पुरा झाला की परत पहिल्यापासून. मी म्हणायचो, "अगं, राक्षस मेला ना एकदा?" ती म्हणायची, "राक्षसासाठी कोन खेळतंय?"

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तरी गया म्हणायची, "ह्यांचं नाव ह्यांनाच इचारा." एकदा दुपारी मी ओट्यावर विळ्याला धार लावत होतो आणि आतून आवाज आला, "सखाराम! मागं हो, मुडद्या, मरशील!" विळा टाकून आत गेलो. ही खुर्चीत पुढं वाकलेली आणि पडद्यावर ढालवाला एक गडी. त्याच्या खाली माझं नाव. माझं नाव तेवढं मला इंग्रजीत वाचता येतं, पगारपत्रकामुळं.

"मुडदा कुनाला म्हनती?"

"तुमाला न्हाई. ह्याला."

"नाव तर माझं हाय."

"आसू द्या. तुमी कुठं ऐकता? ह्यो तरी ऐकतो."

छत्तीस वर्षांत तिच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकलं, ते असं शिवीसकट. गल्लीत ही गोष्ट पसरली. बाया नळावर विचारायच्या, "गयाबाई, सखाराम जेवला का?" तर ही म्हणायची, "मगाच भाकर दिली. आता झोपलाय गुहेत."

मागल्या वर्षी माझाही हट्ट पेटला. बायकोला जमतं ते फिटरला का जमू नये? मिलिंदच्या एका विद्यार्थ्याकडून खेळातल्या वाटा मराठीत लिहिलेला कागद आणला आणि सुटलो. मी स्वतः, कारखान्यातले दोन दोस्त आणि चौथी गया, औषधाची पिशवी घेतलेली. कुणाशी बोललो नाही. वाचता येत नव्हतं, आणि वाचायचं होतं कुणाला? समोर येईल त्याला हाणला. तीन आठवड्यांत राक्षस पाडला आणि मिशीवर हात फिरवत म्हणालो, "झाला तुझा खेळ."

तिनं पडदा पाहिला. "मी कुठंय ह्यात?"

"मेलीस. दुसऱ्या गुहेत."

"आन् तसंच फुडं गेलात?"

"खेळ हाय गं..."

तिनं उठून चहा केला. त्यात साखर नव्हती. कारखान्याच्या माणसाला बिनसाखरेचा चहा. मी तो गपचूप प्यायलो, साखर का नव्हती ते मात्र तेव्हा कळलं नाही.

कळलं ते ती गेल्यावर. विधी झाला, पाहुणे गेले, घर खायला उठलं. मी फडकं काढून मशीन लावलं. शेजारी तिच्या दोन शंभर पानी वह्या होत्या. मला वाटलं होतं, त्यात शब्द उतरवले असतील. तर तिनं खेळातल्या सगळ्या माणसांचं बोलणं मराठीत लिहून ठेवलेलं, आपल्या शेऱ्यासह. "विहिरीवरचा म्हातारा. पाणी मागतो. खोटं बोलतो, पण पाणी द्यावं." "लोहाराची बायको. पोरगा किल्ल्यात पहारेकरी आहे. त्याला मारू नये. आईचं नाव सांगावं, तो आपणहून बाजूला होतो." त्या पोराला मी कुऱ्हाडीनं तोडून किल्ली घेतली होती.

मग मी तोच खेळ पहिल्यापासून धरला. तीच चौघं, तीच गावं. एका हातात वही. ज्या गावातून आधी नुसता पळालो होतो, तिथं आता एकेक दुपार जायला लागली. खेळ लई मोठा होता, मीच त्यातून आंधळ्यासारखा गेलो होतो. दुसऱ्या गुहेत गया परत पडली. वही चाळली. एका पानावर लिहिलं होतं, "गडी मेला तर मागच्या गावात वैदाकडं न्यावा. उठतो. ओझं लई होतं, बाकी सामान टाकून द्यावं." आणि त्याखाली, "सखारामला तीनदा आणला."

मी ढाल टाकली, तलवार टाकली, शिधा टाकला आणि गयाला घेऊन मागं फिरलो. मधी लाईट गेली, सगळं वाया गेलं, परत नेली. दोन दुपारी लागल्या. मला वेड लागलेलं नाही. मेलेलं माणूस उठत नाही हे मला कुणी शिकवायला नको, सरणाशी मीच उभा होतो. पण तीनदा मला उचलून आणणाऱ्या बाईनं दिवस वाया घालवले असं कुणी म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

मागल्या रविवारी मिलिंद टेम्पो घेऊन आला. टायपिंगच्या बॅचला एक मशीन कमी पडत होतं. "दादा, हे नेतो. आतलं सगळं पुसून नवीन टाकावं लागंल. आईचा गेम फ्लॉपीवर घेऊन देतो."

"फ्लॉपी काय पाट्यावर वाटू? लावू कशात?"

"दादा, लोक हसत्यात. आई जाऊन दोन म्हैने न्हाईत, आन् तुमी गेम खेळताय."

"हसू दे. हसणाऱ्यानं पंचावन्नाव्या वर्षी इंग्रजी वाचून दाखवावं, मग हसावं."

त्यानं वायरींना हात घातला. मी वही त्याच्या छातीवर ठेवली. "आधी हे वाच. मग ने."

तो उभ्यानं वाचायला लागला. मग खाली बसला. पानं उलटत राहिला... बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"दादा, आईला इंग्रजी येत हुतं?"

"क्लास तू चालवतोस ना? तुझ्याच घरात एक इद्यार्थी हुती."

टेम्पो रिकामा गेला. मिलिंदनं आईचा खेळ उघडून पाहिला. तिची चौथी फेरी, किल्ल्याच्या शेवटच्या दारापाशी थांबलेली. म्हणाला, "एक बटन दाबलं की दार उघडंल, दादा. पुरा करू?" मी त्याचा हात धरून खाली ठेवला.

आता मशीन बाहेरच्या खोलीत आहे, तिथंच राहणार. मेव्हण्यानं यावं, बघावं, चहा साखर घालून देईन. दुपारी लाईट आली की मी आधी तिचा खेळ लावतो. चौघं दारापाशी उभी असतात, सखाराम ढाल घेऊन पुढं. घडीभर बघतो आणि बंद करतो. मग माझा लावतो. माझी गया अजून तिसऱ्या गावात आहे. तिला तिथल्या प्रत्येकाशी बोलायचंय, आणि लाईट जाईपर्यंत मी काही कुठं चाललो नाही.