फक्कीतलं स्वयंपाकघर

फक्कीबाईला राग आवरत नाही, असं तिचे नातेवाईक सांगत फिरतात. साफ खोटं. तिचा राग नीट घडी घालून ठेवलेला असतो, लागेल तेव्हा हाताशी असतो, एवढंच. आणि घरं बांधणाऱ्यांच्या धंद्यात तो रोज लागतो, त्याला ती बिचारी काय करणार?

एकतीस वर्षं तिनं एका ऑफिसात दुसऱ्यांचे नकाशे काढले. साहेब लोक जागेवर पाय न ठेवता उंटावरून शेळ्या हाकायचे. चढ असो, खडक असो, झाड असो, हुकूम एकच: आधी सपाट करा, मग बघू. एक दिवस भर मीटिंगमध्ये ती उठून म्हणाली, "जमीन म्हणजे काय पोळपाट आहे का?" सगळे हसले. बाईंनी पट्टी उचलली, पेन्सिली उचलल्या आणि घर गाठलं. तेव्हापासून ती आपल्या पद्धतीनं घरं आखते, आणि तिची पद्धत ऐकून शहाणी माणसं कपाळावर हात मारतात.

आधी ती तीन दिवस नुसती त्या जागेवर जाऊन बसते. वारा कुठून येतो, ऊन कुठं रेंगाळतं, पावसाचं पाणी कुठून वाहून गेलंय, सगळं बघते. मग बुडाला भोकं पाडलेल्या डब्यात चुन्याची फक्की भरते आणि खुंट्या, दोरी लावून अख्खं घर जमिनीवर खऱ्या मापात काढते. आणि मग त्या घरच्या माणसांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या रेघांत राहायचं! खुर्च्या टाकायच्या, थर्मासमधला चहा प्यायचा, भांडायचं असेल तर तिथंच भांडायचं. कोणी रेघ ओलांडली की बाई ओरडते, "भिंतीतून काय जाता? दार तिकडं आहे!" सकाळी लोक हसतात. दुपारी ऊन डोक्यावर आलं की तीच माणसं खुर्च्या सरकवायला लागतात, आणि संध्याकाळी आपणच सांगतात, खिडकी इथं नको, तिथं हवी.

एवढं नाव झालं तरी घरचं काम तिला कधी मिळालं नव्हतं. दादा, तिचा सख्खा मोठा भाऊ, चारचौघांत म्हणायचा, "आमची ही चुन्यानं खेळते." पण तो निवृत्त झाला, उताराची एक जागा घेतली, आणि वहिनी अडून बसली. घर आखेल तर हीच, नाहीतर घरच नको. दादानं तोंड वाकडं केलं आणि हो म्हणाला.

वहिनीनं फक्कीच्या घरात एक नाही, चार सकाळी काढल्या. पस्तीस वर्षं तिचं स्वयंपाकघर इमारतीच्या बोळकांडीवर उघडत होतं, समोर शेजाऱ्यांच्या बाथरूमचे पाइप. इथं उतार पूर्वेला खाली जात होता. वहिनी आखलेल्या स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसायची, ऊन तोंडावर घ्यायची आणि दर अर्ध्या तासानं खुर्ची थोडी सरकवायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "इथं. इथं माझा ओटा." ओट्याशेजारचं दार उघडलं की एकही पायरी न उतरता पाय मातीत. फक्कीबाईनं तिथं चार खुंट्या ठोकल्या. आणि गरज नसताना प्रत्येकीवर आणखी एकेक घाव घातला.

दादा मात्र त्या चार दिवसांत एकदाच आला, तोही जेवणाच्या वेळेला. दिवाणखान्यात उभा राहून म्हणाला, "एवढासा?" आता, उघड्या आभाळाखाली कुठलीही खोली लहानच दिसते. भिंती चढल्या की ती मोठी वाटायला लागते. हे फक्कीबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगते. दादाला सांगितलं नाही. तो 'एवढासा' म्हणाला आणि हिच्या नाकावर राग आला. मनात म्हणाली, बघ म्हणावं स्वतःच. चूक तिथं झाली, आणि ती तिची होती.

आठ दिवसांनी सकाळी ती जागेवर गेली तर चर खणून तयार! खणलेले चर आणि तिच्या रेघा यांचा काडीचाही संबंध नव्हता. खुंट्या उपटून भलतीकडं ठोकल्या होत्या. दिवाणखाना फुगून पूर्वेच्या अंगाला पसरला होता आणि स्वयंपाकघर मागं, उतार कापून केलेल्या खड्ड्यात ढकललं होतं. खिडकी उघडली की हातभर अंतरावर मातीची भिंत. वरून येणारा पावसाचा ओघळ नेमकी त्याच खड्ड्यात उतरणार. दादा, वहिनी आणि कंत्राटदार तिथंच उभे होते. वहिनीनं खड्ड्याकडं पाठ केली होती.

"हे कोणी केलं?"

"थोडा बदल केलाय, ताई," कंत्राटदार म्हणाला. "साहेबांना हॉल मोठा हवा होता."

"आणि पाणी? पाणी कुठं जाईल?"

"पाइप टाकू की."

"पाइप टाकू!" फक्कीबाई कडाडली. "हजार वर्षं ते पाणी इथून जातंय. तू पाइप टाकलास म्हणून रस्ता विसरेल होय?"

दादा मध्ये पडला. "आवाज खाली कर. घर माझं आहे. चार माणसं आली तर बसायला ऐसपैस जागा नको?"

"तुझ्या आत्ताच्या फ्लॅटचा हॉल अकरा बाय चौदा आहे. मी मोजलाय. मी आखलेला तेरा बाय सोळा होता. मोठाच होता, दादा. उघड्यावर लहान दिसतो, हे तुला मी सांगायला हवं होतं. रागानं सांगितलं नाही, ती माझी चूक. पण खुंट्या हलवल्यास, ती तुझी."

"झालं ते झालं. खणलंय आता. कागदावर तुझंच नाव राहील, मग तुला काय त्रास आहे?"

नाव! याच घरावर आपलं नाव यावं, भावानं एकदा तरी म्हणावं की हे माझ्या बहिणीनं केलंय, यासाठी ती किती वर्षं झुरली होती. आणि आता ते या खड्ड्यावर लागणार होतं.

"माझं नाव काढ," ती म्हणाली. "आजच काढ. तुझ्याशी नातं तुटलं तरी चालेल, पण या बिळात वहिनीला कोंडायला मी सही देणार नाही." आणि तिनं पदर खोचला, मातीच्या ढिगावरचं फावडं उचललं आणि चर बुजवायला सुरुवात केली. एकसष्ट वर्षांची बाई! कंत्राटदार "अहो ताई, अहो ताई" करत नुसता गोल फिरत होता.

"तू वेडी आहेस का?" दादा ओरडला. "हिला काय हवंय ते हिला विचारलंस का? अगं, सांग तिला, तुला चालतंय म्हणून."

सगळे वहिनीकडं बघायला लागले.

"मला नाही चालत," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं पाइपांकडं बघत भाज्या चिरल्या. आता मातीच्या भिंतीकडं बघत चिरायच्या असतील तर पाइपच बरे, त्यांची ओळख तरी आहे. तुम्ही राहा तुमच्या दिवाणखान्यात. मी फ्लॅटमधून हलणार नाही."

"लोकांसमोर हे काय बोलतेस?"

"लोकांसमोरच खणलंत ना?" वहिनी म्हणाली. तिनं चप्पल काढून बाजूला ठेवली, दुसरं फावडं घेतलं आणि नणंदेशेजारी जाऊन उभी राहिली. तिला फावडं धरता येत नव्हतं. अर्धी माती तिच्याच पायांवर पडत होती. तरी ती थांबेना.

दोघींनी एक कोपरा बुजवला, दुसऱ्याला हात घातला. शेवटी दादा कंत्राटदाराला म्हणाला, "बुजवून टाका सगळं. आधी होतं तसं करा."

"त्याला काय सांगतोस?" फक्कीबाई न थांबता म्हणाली. "स्वयंपाकघर त्याचं आहे का? तिला सांग."

"काय सांगू?"

"तुला माहीत आहे."

कंत्राटदारानं शहाण्यासारखा मोबाइल कानाला लावला आणि तो रस्त्याकडं निघून गेला.

"चुकलं माझं," दादा पुटपुटला, मान खाली घालून.

"बुटांना कशाला सांगताय?" वहिनी म्हणाली.

दादानं मान वर केली, आणि तिच्याकडं बघून पुन्हा सांगितलं.