लाल तोंडाचा हापसा
परवा वेल्ह्याच्या बाजारात एका दुकानाच्या शटरला लाल ऑइलपेंट मारत होते, आणि त्या वासासरशी बांगलादेशातलं ते सुपारीच्या झाडांखालचं अंगण माझ्यापुढं उभं राहिलं. पाण्यात आर्सेनिक निघालं की हापशाचं तोंड लाल रंगवायचं, हे माझं तिथलं काम. त्या अंगणातल्या म्हातारीच्या तळव्यांवर त्या पाण्यानं आधीच काळे, खरबरीत डाग पडले होते. "मग पाणी कुठनं आणू?" तिचं बंगाली बोलणं माझ्यासोबतच्या तिथल्या माणसानं मला समजावलं. चांगला हापसा पार गावाच्या त्या टोकाला, आणि तिला धड चालवत नव्हतं. रंगाच्या डब्याशिवाय माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. तिनं अंगणातल्या त्याच लाल तोंडाच्या हापशाचं पाणी पेल्यात भरलं आणि गुळाच्या खड्यासोबत माझ्यापुढं धरलं. मी नको म्हणून मान हलवली. माझ्याकडं बघत ती सगळं पाणी स्वतःच प्यायली. धरणाचं पाणी कुठवर चढणार ते दाखवायला गुंजवण्यातल्या, माझ्या गावातल्या, आमच्या घराच्या भिंतीवर लाल रेघ मारणारा माणूस आला होता, तेव्हा माझ्या आईनंही त्याला गूळपाणी दिलं होतं. "उन्हातनं आलाय, तहानला असंल," म्हणाली होती. तो निदान ते प्यायला तरी होता.