नकाशावरचा लाल समुद्र

आज जर्मनीतल्या एर्लांगेन गावी, आमच्या घरी माशावर लिंबू पिळलं आणि मारिसोल आठवली. पीएचडीच्या दिवसांतली माझी पेरू देशातली रूममेट.

एका दुपारी मी तिला हौसेनं माझ्या संशोधनासाठी काढलेला समुद्राच्या तापमानाचा नकाशा दाखवला. एल निन्योनं तापलेला पॅसिफिक त्यात लालभडक दिसत होता.

"किती स्पष्ट आलंय बघ," मी म्हणाले.

"तिथं माझे बाबा मासे पकडतात," ती हळूच म्हणाली.

मी ओशाळले. तिनं घरी फोन लावला. पाणी तापल्यानं मासे दूर गेले होते, बाबांची होडी किनाऱ्यावर पडून होती. बोलता बोलता ती अचानक माझ्याकडे वळली.

"बाबा विचारतायत, नकाशा काढणारी मुलगी जेवली का?"

तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. आता माझी लेक दूर शिकते, आणि माझं काहीही बिनसलेलं असलं तरी फोनवर मी तिच्या रूममेटच्या जेवणाचीसुद्धा चौकशी करते.