डाव्या कोपऱ्याचे पहिले चाहते

अपेक्षा ठेवण्याच्या बाबतीत माझ्या बायकोच्या मामांइतका उदार माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झालेला नाही. इतर लोक झाड लावतात आणि चार वर्षांनी फळ धरेल म्हणतात. मामा कलम खड्ड्यात ठेवतानाच आंब्याला पेट्या किती लागतील ते शेजाऱ्यांना विचारून येतात. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या गल्लीत पाण्याची नवी पाइपलाइन टाकायला खड्डा खणला, तेव्हा त्याच दिवशी मामांनी अंगणात कारंजं कुठं बसवायचं ती जागा विटांनी आखून ठेवली. विटा अजून तिथंच आहेत. माझं लग्न झालं तेव्हा मी एका पतपेढीत कारकून होतो. मामांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि भर मांडवात जाहीर केलं, "पाच वर्षांत मॅनेजर." या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मी त्याच टेबलावर आहे आणि मामा अजूनही माझी ओळख करून देताना "हे आमचे पाहुणे, कारकून आहेत, सध्या" असं सांगतात. त्या 'सध्या'वर ते इतका जोर देतात, की समोरचा माणूस माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत असावं. कन्नडच्या बसस्थानकावर मामा तीस वर्षं गाड्या पुकारत होते. घाटात गाडी अडकलेली, फलाटावर माणसं ताटकळलेली, लेकरं रडायला लागलेली, आणि कर्ण्यातून मामांचा धीरगंभीर आवाज, की चाळीसगाववरून येणारी गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागेल. ती कधी येणार हे त्यांनाही ठाऊक नसे. "खोटं नव्हतो बोलत, पाहुणे," ते मला सांगतात. "मला खरंच वाटायचं, येईल म्हणून. पुकारणाऱ्यालाच वाटलं नाय तर बसणाऱ्याला कसं वाटावं?" निवृत्त होऊन शहरात आले तरी त्यांचा पुकारा सुटला नाही. घरी कुणी आलं, की चहा स्वयंपाकघरातून निघाल्याची घोषणा बैठकीत आधी होते. मग आतून मामींचा आवाज येतो, "दूध नासलंय," आणि ती फेरी रद्द होते.

मामांना कबड्डीचं लई वेड. शाळेच्या संघात आपण डाव्या कोपऱ्यात असायचो, असं ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. डाव्या कोपऱ्यातल्या गड्याचं काम म्हणजे चढाईला आलेल्याचा पाय धरायचा आणि त्याला आपल्या अंगणातून परत जाऊ द्यायचं नाही. यात टाळ्या बहुतेक दुसऱ्यांना मिळतात आणि गुडघे मात्र कोपऱ्यावाल्याचे फुटतात. मामींचा सख्खा भाऊ त्याच संघात खेळायचा. त्याच्या म्हणण्यानुसार मामा डाव्या कोपऱ्यात असायचे हे खरं, पण हातात फक्कीचं घमेलं घेऊन, रेषा आखायला. मामा हे नाकारत नाहीत. "रेषा कुठं हाय हे कळल्याबिगर कोपरा सांभाळता येत नाय," एवढंच म्हणतात.

तर अशा माणसासमोर दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी टीव्हीवर कबड्डीच्या एका मोठ्या स्पर्धेसाठी खेळाडूंचा लिलाव चालू होता. नावाजलेले चढाईपटू केव्हाच विकले गेले होते, निवेदकही आवरायला लागला होता, आणि तेवढ्यात पडद्याच्या तळाशी एक ओळ सरकून गेली: भागवत, वय वीस, डावा कोपरा. कुठल्याशा संघानं त्याला सगळ्यात शेवटी, सगळ्यात कमी बोलीवर घेतलं होतं. पोरगा कन्नडपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका खेड्यातला. मी तिथं नव्हतो, पण मामींनी सांगितलं, की ती ओळ जाईपर्यंत मामा उभे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन ते माझ्याकडं आले. भागवतचा पुढचा सगळा मार्ग त्यांनी आखून आणला होता. पहिल्या वर्षी स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू, दुसऱ्या वर्षी कर्णधार, तिसऱ्या वर्षी भारताचा डावा कोपरा आणि गुडघे थकले की कन्नडचा आमदार. बरोबर आलेल्या मामी म्हणाल्या, "पोराला अजून जर्सी मिळाली नाय अन् तुम्ही त्याला निवडून आणला." मामांनी नातंही शोधून काढलं होतं. भागवतच्या आज्याला त्यांनी एकदा सिल्लोडच्या गाडीत खिडकीची जागा धरून दिली होती.

आठवड्याभरात 'डावा कोपरा चाहता मंडळ' नावाचा गट मोबाइलवर उभा राहिला. त्यात गल्लीतले सगळे निवृत्त लोक होते, मामांचे जुने कंडक्टर होते आणि वैजापूरचे एक कापूस व्यापारी होते, ज्यांना कबड्डीत एका बाजूला किती गडी असतात हेही ठाऊक नव्हतं, पण मराठवाड्याचा प्रश्न आला की ते मागं राहत नसत. मला न विचारता सचिव करण्यात आलं. चौकात फ्लेक्स लागला. भागवतचा एकच फोटो मिळाला होता, दहावीच्या परीक्षेच्या हॉलतिकिटावरचा. तो मोठा केल्यावर फाटायला लागला, म्हणून लहानच ठेवला आणि उरलेल्या जागेत अकरा शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले चेहरे बसवले. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, की अकरा जणांची निवड झाली असून त्यांनी एका हरवलेल्या पोराचा फोटो छापलाय. मामा मात्र खूश होते. सगळ्यांनी थेट अभिनंदन करावं म्हणून त्यांनी कुठून तरी भागवतच्या वडिलांचा नंबर मिळवला आणि गटावर टाकला.

स्पर्धा सुरू झाली. पहिल्या सामन्यात भागवत राखीव खेळाडूंच्या बाकावर होता. दुसऱ्यातही. मामा पडद्याच्या कोपऱ्यात त्याला शोधून काढत. "बसलाय कसा बघा. पाठीला बाक नाय." मध्यंतरात त्यानं दुसऱ्या गड्याला पाण्याची बाटली दिली, तेव्हा संघाचा त्याच्यावर विश्वास बसत चालल्याचं मामांनी मंडळाला कळवलं. पाच सामने असे गेल्यावर मंडळ प्रशिक्षकावर संतापलं. मामांनी त्या प्रशिक्षकाला, जो हरियाणाचा होता, साध्या टपालानं मराठीत पत्र लिहिलं: 'आपण आमच्या मुलास बाकावर बसविले आहे. बाकाबद्दल तक्रार नाही. परंतु गाडी डेपोत उभी राहिली तर प्रवाशांनी काय करावे?' उत्तर आलं नाही.

सहाव्या सामन्याच्या दिवशी मात्र संघाच्या नेहमीच्या डाव्या कोपऱ्याचा घोटा मुरगळला आणि भागवत आत जाणार, ही बातमी दुपारीच फुटली. संध्याकाळी मामांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. मामींनी परातभर चिवडा केला होता. वैजापूरचे व्यापारी जीप करून आले होते. कुणी म्हणालं, किमान पाच पकडी होतील, मामा म्हणाले, "सात. पाच तर घाबरलेला माणूसबी करतो."

पडद्यावर भागवत आला. समोर देशातला नामांकित चढाईपटू. भागवतनं पहिल्याच चढाईत पायावर झेप घेतली, तो चढाईपटू सहज निसटला आणि भागवत बाद. थोड्या वेळानं परत आत आला, परत घाईनं झेपावला, परत बाद. बैठकीतला चिवडा खाण्याचा आवाज बंद झाला. तरीही संघानं सामना ओढत आणला. शेवटची चढाई, गुण बरोबरीत, अंगणात आपले तिघंच. तो चढाईपटूही वेळ काढत होता. भागवत नुसता मागं उभा राहिला असता तरी सामना बरोबरीत सुटला असता. पण भागवत थांबला नाही. त्यानं सगळं अंग टाकलं, तो माणूस त्याच्या पाठीवरून उडी मारून गेला आणि एका गुणानं सामना गेला. कॅमेरा भागवतच्या तोंडावर बराच वेळ थांबला. त्या तोंडाला काय करावं ते कळत नव्हतं.

मंडळाला मात्र कळत होतं. जमलेली माणसं चपला शोधेपर्यंत गटावर निकाल लागला होता. याला कुणी घेतला, घरी पाठवा, तालुक्याची इज्जत घालवली, ढेकळं फोडायला लावा. व्यापारी गट सोडून गेले. शुभेच्छुकांपैकी एकानं सकाळी स्वतःच येऊन फ्लेक्सवरचा आपला चेहरा कातरून नेला. मामांनी गटावर काहीच लिहिलं नाही. दोन दिवसांनी ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, "पाहुणे, मी त्याच्या बापाचा नंबर टाकला होता."

आम्ही बसनं कन्नडला गेलो आणि पुढं जीपनं त्या खेड्यात. भागवतचे वडील अद्रकीच्या शेतात खुरपत होते. मामांनी आपण कोण ते सांगितलं, नंबर आपणच दिला हेही सांगितलं. इतकं लहान वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्या माणसानं हात झटकले, आम्हाला बांधावर बसवलं. "व्हय, लई फोन आले," ते म्हणाले. "आधी गोड बोलायले होते. परवापासून आई-बहिणीवर. त्याच्या आईनं... भागवतच्या आईनं उचलला एक. मग म्या फोन बंदच करून टाकला. पोराचाबी लागंना मग. दोन दिस झाले, बोलणं नाय."

मामांनी खिशातून आपला फोन काढून त्यांच्यापुढं धरला. वडिलांनी नंबर सांगितला, मी लावला, आणि ऐकू नीट यावं म्हणून आवाज मोठा केला. तिकडून फोन उचलला गेला. अनोळखी नंबर पाहून भागवत शांतपणे म्हणाला, "काका, शिव्या द्यायच्या असतील तर लवकर द्या. सरावाला जायचंय."

मामांनी मान वळवली आणि अद्रकीच्या पानांकडं पाहत राहिले.

"आरं, मी बोलायलोय," वडील म्हणाले. मग बराच वेळ दोघंही विहिरीच्या मोटारीबद्दल बोलत होते. सामन्याचा विषय निघाला तो एवढाच: "पाठीवरनं गेला ना त्यो. लागलं का?" "नाय." "बरं." शेवटी त्यांनी फोन मामांकडं दिला. "कन्नडच्या स्टँडवरचे साहेब हायेत. तुझ्यासाठी आलेत." तीस वर्षं कर्ण्यासमोर बोललेल्या माणसानं फोन कानाला लावला, घसा साफ केला आणि म्हणाला, "काही नाय बाळा. आवाज येतोय का, तेवढं बघत होतो."

परतल्यावर मामांनी तो गट बंद केला. भागवतला पुढं आणखी चार सामने मिळाले. त्यात त्यानं तीन पकडी केल्या, त्यातली एक फार देखणी होती. मामा हात मांडीवर ठेवून बघायचे. पकड झाली तरी पंचाचा हात वर जाईपर्यंत हलायचे नाहीत. मोसम संपल्यावर संघानं त्याला मोकळं केलं आणि पुढच्या लिलावात त्याचं नाव पुकारलंच गेलं नाही. तालुक्यातही कुणी त्याची आठवण काढेना, चांगली नाही की वाईट नाही.

या दिवाळीत तो वडिलांच्या मोटारसायकलवर मामांना भेटायला आला. टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा बुटका होता. पुन्हा लिलावात उतरणार म्हणाला. मामींनी फराळ दिला, मामांनी गुडघ्यांची चौकशी केली, घाटातल्या रस्त्याची केली. शेवटी भागवतच म्हणाला, "मामा, तुम्ही काहीच नाय म्हणले. औंदा कसं वाटतंय तुम्हाला?"

"आता कशाला काही म्हणायचं," मामा म्हणाले.

"म्हणा ना," तो म्हणाला. "आता कुणीच काही म्हणत नाय."

मामांनी ताटलीतली करंजी त्याच्याकडं सरकवली आणि म्हणाले, "एक पकड. तू आत गेलास तर एक चांगली पकड कर. मी बघीन."

"एकच?"

"एक."

पोरगा हसला, दोघांच्या पाया पडला आणि निघाला. मामा फाटकाशी उभे राहून मोटारसायकल वळेपर्यंत बघत होते. "उंची कमी हाय," ते हळूच म्हणाले, "पण पंजा पाह्यला का, पाहुणे? केवढा हाय." मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते काही आलं नाही. मामांनी फाटकाची कडी लावली आणि आत गेले.