आईच्या वतीने केलेला फोन

मंडळी, आज सकाळी माझं चुकलं.

आई पुढच्या आठवड्यात श्रीलंकेला निघालीय. तिची ही पहिलीच ग्रुप टूर आणि आमच्यापैकी कोणीही सोबत नाही. सर्जापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून ती एकटी कुठे गेलेली नाही, म्हणून बॅग मीच भरत होते. सुती कुर्ते, टोपी, ओआरएसची पाकिटं.

मग बाल्कनीत जाऊन मी टूर लीडरला फोन केला. "आई जरा विसराळू आहे. तिला ऊन सोसत नाही. प्लीज लक्ष ठेवा."

आत आले तर आई बॅगेजवळ बसलेली. तिने सगळं ऐकलं होतं.

"नागपूरच्या उन्हात तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी," ती म्हणाली. "त्या ग्रुपमध्ये मला कोणीच ओळखत नाही, याचंच मला अप्रूप होतं. तू आधीच माझी ओळख करून दिलीस."

मी सॉरी म्हटलं. तिने माझाच फोन घेतला, स्पीकरवर टाकून पुन्हा लावला.

"मी सुनंदा बोलतेय. पाणी प्यायचं मी विसरते, तेवढं खरंय. बाकी काही असेल तर मलाच विचारा."

टूर लीडरने लगेच विचारलं, "काकू, बसमध्ये खिडकी हवी?"

"हवी!"

आजवरच्या प्रत्येक प्रवासात खिडकीजवळ मी बसले. आईला ती जागा हवी असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

'औषध घेतलंस का' हे सोडून तुम्ही आईला शेवटचं काय विचारलं होतं?