लिहायचा राहिलेला चौक

मी जर्मनीला निघालो त्या दिवशी आई घरी नव्हती. पलीकडच्या पाड्यावर लग्न होतं आणि तिथे ती चौक लिहीत होती. आम्ही वारली चित्र काढतो असं म्हणत नाही, लिहितो म्हणतो. आणि चौक लिहिल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. गेरू लावलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने मोठा चौकोन, कडेने नक्षी, मधोमध पालघट देवी. तो सवाशिणींनीच लिहायचा. आईचा हात आजीकडून आलेला, आजीचा तिच्या आईकडून. लग्नसराईत आई घरी सापडायची नाही. बॅग खांद्याला लावून मी त्या लग्नघराच्या दारात उभा राहिलो. चौक अर्धा टाकून उठत नाहीत. बांबूची काडी भिंतीवरून न उचलता ती म्हणाली, "जा पोरा. तुझा लिहायचाय मला, ध्यानात ठेव." एसटीपर्यंत सोडायला बाबा आले.

कायझर्सलाउटर्नला पीएचडी सुरू झाली. पाड्यावरून आलेला मी तिथे प्लास्टिकचे तुकडे ताणून ते कधी तुटतात हे बघत बसायचो आणि त्याचे मला पैसे मिळायचे; बाबांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. पुढे सुनंदा आयुष्यात आली. ती शेजारच्याच पाड्यावरची, नर्स. व्हिसासाठी डहाणूला लग्नाची नोंदणी करून घेतली आणि तिला घेऊन आलो. खरं लग्न राहिलं. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही, कारण आमच्यात आधी संसार थाटतात आणि जमेल तेव्हा लग्न लावतात. माझ्या आईबाबांचं लग्न लागलं तेव्हा मी चालायला शिकलो होतो आणि मांडवात धूळ खात फिरत होतो म्हणे. होईल सावकाश, असं आम्हीही म्हणालो. थीसिस होऊ दे, मग जाई झाली, मग तिला किंडरगार्टनमध्ये जागा मिळू दे.

आणि बाबा गेले. साधा ताप आला होता. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. त्याच आठवड्यात वाडीत एक लग्न होतं, आणि आईला बोलवायला कुणी आलं नाही. ती अंगणात भात पाखडत बसून होती, लांबून गाणी ऐकू येत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: आई आता सवाशीण नव्हती. लग्न थांबतं, पण लिहिणारा हात आपल्यासाठी थांबत नाही, हे मला किंवा सुनंदाला, कुणालाच सुचलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात आईला इकडे आणलं. बॉनला ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी चित्रकार आजींच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे नेलं. मोठाल्या कापडांवर नुसते ठिपके आणि गोल. भिंतीवरचा मजकूर मी तिला मराठीत सांगत गेलो: आजी वाळवंटात जन्मली, लहानपणी आईवडिलांबरोबर एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्याला चालत गेली, पुढे सरकारने त्यांना लांबच्या वस्तीत नेऊन ठेवलं. म्हातारपणी ती चित्रं काढायला लागली. काढते ते आपल्या वडिलांच्या मुलखातले पाणवठे. दुसऱ्या घराण्याची गोष्ट रंगवायचा तिला हक्क नाही.

"मुलूख सुटला तरी लिहिते बाई," आई म्हणाली. "आणि आपलं तेवढंच लिहिते."

घरी आल्यावर तिने भिंत मागितली. गेरू तिने साडीत बांधून आणलाच होता. आमच्या वोनुंगच्या, म्हणजे भाड्याच्या फ्लॅटच्या, हॉलमधली अख्खी भिंत तिने लाल केली आणि लिहायला बसली. ताडाची झाडं आली, तारपा वाजवणारा आला, हेल्मेट घालून सायकलवर जाई आली. मधोमध मात्र तिने एक चौकोन कोरा सोडला.

"वारुम?" जाईने विचारलं. ती 'का' विचारतेय हे आईला न सांगताच कळलं, पण ती ताडाची पानं लिहीत राहिली.

मग मीच चिडलो. "इथे कोण बघतंय, आई? लिही ना."

"मी बघतेय ना," ती म्हणाली आणि काडी धुऊन ठेवली.

दोन उन्हाळ्यांनी मला दुसऱ्या गावी, एश्बॉर्नला नोकरी लागली. इथे घर सोडताना भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतात. शनिवारी मी रोलर घेऊन उभा राहिलो. ताड गेले, तारपा गेला, जाईची सायकल गेली. त्या चौकोनात पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी माझा हात चालेना. "अहो, द्या इकडे," म्हणून सुनंदाने रोलर घेतला. वाळल्यावर गेरू गुलाबी होऊन वर आला. घरमालकीण बाई किल्ल्या घ्यायला आल्या, भिंतीकडे बघून म्हणाल्या, "नोख आइनमाल, बिट्टे." म्हणून परत एक हात मारला.

आईला फोनवर सांगितलं. वाटलं होतं, तिला लागेल.

"बरं झालं," ती म्हणाली. "भिंत सारवायचीच असते. आता असं कर, तुझी मावशी लिहील. पण तुझ्या मावशाची तब्येत बरी नसते हल्ली. काय ते लवकर ठरव."

आम्ही तिकिटं बघतोय. गावी राहिलेले विचारतात, घर तिकडेच केलंस ना आता? इथले विचारतात, घर कुठे तुझं? जिथे माझं लग्न लागायचं राहिलंय, तिथे. आणि लागेल तेव्हा आई मागे, बायकांच्या घोळक्यात बसलेली असेल, आणि समोरचा चौक तिने लिहिलेला नसेल.