व्हिडिओ गेमच्या पेटीतला कॉम्प्युटर

जिथं सोल्डरिंग आयर्न तापतं, तिथं किस्से साचणारच. आमच्या त्या कॉम्प्युटरचे तर इतके साचलेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मधेच घुसतो!

नागापूरच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला आणि माझा दोस्त रावसाहेब लेथवर. नव्वदच्या दशकात कंपनीत कॉम्प्युटरवर चालणारं मशीन येणार होतं. साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात कॉम्प्युटरची टेस्ट. पास होईल त्याला मशीन, बाकीचे लोडिंगला."

रावसाहेब चाळिशीचा, त्यात पाठीचं दुखणं. लोडिंगला गेला असता तर कायमचा आडवा झाला असता. क्लासला कॉलेजच्या पोरांत बसायची लाज. मी म्हटलं, शिकायला कॉम्प्युटर तुझ्या घरीच बनवू! तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

*

रावसाहेबाच्या बायकोची, म्हणजे वहिनींची एकच अट. "उघड्या वायरी घरात नकोत." माझ्या मामानं दुबईहून आणलेला जुना व्हिडिओ गेम बंद पडला होता. त्याची पेटी रिकामी केली, तर मी जोडलेला कॉम्प्युटरचा बोर्ड दोन बोटं मोठा! करवत घेतली. रावसाहेबानं डोळे मिटले.

"अरे, बोर्ड कापतोय, तुझा पाय नाही!"

"पाय आसता तर सोसलं आसतं."

*

पेटी बघून शेजारच्या काकू गेम बघायला आल्या. रावसाहेबानं पेटी टीव्हीला जोडून पडद्यावर सतराचा पाढा काढून दाखवला. काकू तासभर वाट बघून उठल्या.

"ह्यात कुनीच मरत न्हाई व्हय?"

*

पारनेरहून रावसाहेबाचे वडील आले. त्यानं त्यांचं नाव पडद्यावर आणलं. म्हातारा हरखला. "लई झ्याक! आता पुसू नको."

तेवढ्यात लाईट गेली. म्हातारा कडाडला, "सांगितलं हुतं ना, पुसू नको!"

*

टेस्टला आठ दिवस उरले आणि कापलेल्या जागी कनेक्शन ढिलं झालं. पेटीचा डावा कोपरा अंगठ्यानं दाबून धरला तरच चाले. सोडला की सगळं पुसलं जाई.

"उघडून बघतो," मी म्हणालो.

"तू उघाडशील रं, पन मिटशील कवा?"

त्याचा रेडिओ दिवाळीपासून माझ्याकडे उघडा पडला होता. त्यानं आठ दिवस डावा अंगठा दाबून उजव्या हातानंच सराव केला.

*

टेस्टच्या दिवशी मी केबिनच्या काचेबाहेर येरझाऱ्या घालत होतो. कंपनीचा कॉम्प्युटर नवा कोरा. रावसाहेब बसला, टेबलावरच्या त्या कॉम्प्युटरच्या आडव्या पेटीचा डावा कोपरा अंगठ्यानं दाबला आणि एका हातानं टायपिंग सुरू! मी काचेवर टकटक केली, सोड सोड म्हणून खुणा केल्या. त्यानं आणखी जोरात दाबला.

साहेब बघत होते. प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला! मला रडूच आलं.

"मशीन तुमचं," साहेब म्हणाले. "या, इथं सही करा."

रावसाहेब जागचा हलेना.

"साहेब, तेवढा ह्यो कोपरा दाबून धरता का?"

आणि साहेबांनी धरला. सही होईस्तोवर!